कानातला मळ आणि आपली घाई

(आरोग्य व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी भाषेत कानावरून जितके वाक्प्रचार आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवावरून असतील. कान भरणे, कान फुंकणे, कानाडोळा करणे, कानाला खडा लावणे, अशी ती यादी लांबत जाते. त्यांतल्या दोन गोष्टी आजच्या विषयाच्या अगदी जवळच्या आहेत. डोळ्यांत तेल घालणे म्हणजे जागरूक राहणे. परंतु कानात तेल घालून बसणे म्हणजे ऐकूनही न ऐकणे. तेलाने भरलेल्या कानाला नीट ऐकू येत नाही, हे साधे निरीक्षण या वाक्प्रचारामागे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, कान टोचावे ते सोनारानेच, ही म्हण. ज्याचे काम त्यानेच करावे, हा तिचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी की, कानाच्या पाळीला, म्हणजे जिथे फारसा धोका नाही अशा मांसल भागाला, भोक पाडण्यासाठी सोनाराचा आग्रह धरणारा समाज कानाच्या आतल्या नाजूक बोगद्यात मात्र कोणालाही आणि कशानेही शिरू देतो. आगपेटीची काडी, केसांचा आकडा, सेफ्टी पिन, पेनाचे टोपण, स्कूटरची किल्ली. जे हाताशी असेल ते कानात जाते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

हा विषय व्याख्यानमालेत घेण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग यांच्यापुढे कानातला मळ ही किरकोळ बाब वाटते. परंतु शाळेत मागच्या बाकावर बसणारा मुलगा ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातो; शाखेत एखादा बाल स्वयंसेवक प्रत्येक आज्ञेला अर्धा क्षण उशिरा, शेजारच्याकडे पाहून वळतो; घरातले आजोबा दूरदर्शन संचाचा आवाज वाढवीत जातात आणि हळूहळू घरातल्या संभाषणातून बाहेर पडतात. यांतल्या कित्येकांच्या कानात ऐकण्याच्या आड आलेला असतो तो केवळ साचलेल्या मळाचा गोळा. भारतात २००७ साली बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्या कार्यक्रमाच्या कागदपत्रांत जागतिक आरोग्य संघटनेच्या आधारे देशात लक्षणीय श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ६ कोटी ३० लाख मानली आहे, आणि बऱ्या होऊ शकणाऱ्या श्रवणदोषाच्या कारणांत कानातल्या मळाला पहिले स्थान दिले आहे. जो दोष मूळ कारण दूर होताच जातो, त्याच्यापायी एखाद्या मुलाचे शैक्षणिक वर्ष वाया जावे, ही गोष्ट किरकोळ म्हणता येणार नाही.

मळ नव्हे, राखणदार

‘मळ’ हा शब्दच मुळात अन्याय करणारा आहे. नखातला मळ, कपड्यावरचा मळ हा बाहेरून आलेला असतो. तो काढलाच पाहिजे. कानातला मळ शरीर स्वतः तयार करते आणि तेही हेतुपुरस्सर. प्रौढ माणसाच्या कानाचा बाहेरचा मार्ग सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असतो. त्याचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. स्निग्ध द्रव पाझरणाऱ्या ग्रंथी आणि बारीक केस हे केवळ बाहेरच्या भागात असतात. तो द्रव, त्वचेचे झडलेले सूक्ष्म पापुद्रे, केस आणि धूळ एकत्र येऊन मळ बनतो. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी अडवितो, जंतू आणि बुरशी यांना रुजू देत नाही, आणि चुकून आत शिरलेल्या चिलटाला चिकटवून ठेवतो. वाड्याच्या देवडीवर बसलेल्या पहारेकऱ्याचेच हे काम.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. कानाच्या पडद्यावरची त्वचा एका जागी थांबत नाही. ती पडद्याच्या मध्यापासून कडेकडे आणि तिथून मार्गाच्या भिंतींवरून बाहेरच्या दिशेने सरकत असते. नख ज्या वेगाने वाढते, साधारण त्याच वेगाने. त्या सरकत्या पट्ट्यावर बसून जुना मळ आपोआप दारापर्यंत येतो. चावताना आणि बोलताना होणारी जबड्याची हालचाल त्याला पुढे ढकलते. आणि वाळलेला कण उशीवर वा टॉवेलवर कधी पडला हे कळतही नाही. निसर्गाने स्वच्छतेची व्यवस्था इतकी चोख केली असताना माणूस काडी घालतो आणि तो पट्टा उलटा फिरवतो. मळ फक्त बाहेरच्या तृतीयांशात तयार होतो. तो पडद्याला चिकटून बसलेला आढळला, तर बहुतेक वेळा तो कोणीतरी तिथे ढकललेला असतो.

कापसाच्या काडीची कथा या दृष्टीने मनोरंजक आहे. १९२३ साली अमेरिकेत लिओ गेर्स्टेनझांग यांनी ती तान्ह्या मुलांच्या निगेसाठी बाजारात आणली. आज अनेक उत्पादक वेष्टनावर ही काडी कानाच्या मार्गात घालू नये अशी सूचना छापतात, आणि तरीही घरोघरी ती त्याच कामासाठी विकत घेतली जाते. काडीच्या टोकाला लागलेला थोडा पिवळा मळ पाहून समाधान वाटते. जितका दिसला त्याच्या कितीतरी पट आत ठासला गेला, हे मात्र दिसत नाही. तोफेत दारू ठासण्याच्या गजासारखे तिचे काम चालते. अलीकडे मोबाइलवर चित्र दाखविणाऱ्या, टोकाला कॅमेरा बसविलेल्या कोरण्याही विकल्या जातात. चित्र दिसते, पण खोली कळत नाही. आणि ज्या पडद्याची जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर आहे, तिथे खोलीचा अंदाज चुकणे महागात पडते. पाठीमागून धावत आलेल्या नातवाचा धक्का कोपराला लागला आणि हातातली काडी पडद्यातून आरपार गेली, अशा घटना कान-नाक-घसा तज्ज्ञांना नवीन नाहीत.

कान कोरताना सुख का वाटते, हाही एक प्रश्न आहे. मेंदूतून निघून हृदय, फुफ्फुसे आणि जठरापर्यंत जाणाऱ्या एका मोठ्या मज्जातंतूची बारीक शाखा कानाच्या मार्गाला येऊन मिळते. म्हणूनच कान कोरताना काहींना ठसका लागतो आणि काहींचे डोळे मिटतात. हे सुख खरे असले, तरी ते खाज खाजविण्याचे सुख आहे. कोरल्याने त्वचा सोलवटते, मेण जाते, कोरडेपणा वाढतो, पुन्हा खाज सुटते आणि पुन्हा काडी शोधली जाते.

सुश्रुतांनी घालून दिलेला क्रम

ज्या देशात शल्यविद्येचा पाया घातला गेला, त्या देशाने या विषयाचा विचार केला नसता तरच नवल. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी शालाक्यतंत्र हे नेत्र, कान, नाक, मुख आदी मानेच्या वरच्या भागाच्या रोगांचे शास्त्र. शलाका म्हणजे सळई. तिच्यावरून या शाखेला नाव मिळाले. सुश्रुतसंहितेत २८ प्रकारच्या शलाकांची गणना आहे आणि उत्तरतंत्राच्या विसाव्या अध्यायात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत ‘कर्णगूथ’ हा कानात मळ साचून घट्ट होण्याचा विकार. कानातला कफ उष्णतेने सुकतो आणि त्याचा असा गोळा बनतो, अशी त्याची उपपत्ती तिथे दिली आहे.

उपचाराचा क्रम अधिक महत्त्वाचा आहे. आधी तेलाने मळ भिजवावा, मग शेकाने तो सैल करावा आणि त्यानंतर वैद्याने शलाकेने तो नीट काढावा, असे सुश्रुतांचे सांगणे आहे. या क्रमात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. काढण्याची पायरी शेवटची आहे. कोरडा, कडक गोळा ओरबाडून काढण्यास जागा नाही. आणि शलाका आहे ती वैद्याच्या हाती, घरातल्या कोणाच्या नव्हे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली आणि सुधारून २०१७ साली या विषयावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मळ मऊ करणारे थेंब, कान धुणे आणि तज्ज्ञाने उपकरणाने मळ काढणे, याच तीन मार्गांना त्यांत मान्यता आहे. मेणबत्तीसारखी पोकळ वात कानाशी धरून मळ ‘ओढून’ घेण्याचा प्रकार मात्र तिथे स्पष्टपणे नाकारला आहे. हा प्रकार परदेशात एका आदिवासी जमातीच्या नावावर खपविला गेला आणि त्या जमातीने तो आपला नसल्याचे सांगितले, हेही जाता जाता नमूद करण्यासारखे आहे. कोणाची तरी प्राचीन परंपरा म्हणून काहीही विकण्याचा धंदा सर्वत्र सारखाच.

मुंबईत स्थानकांबाहेर आणि उत्तरेतल्या शहरांतल्या बाजारपेठांत लाल पगडी घातलेले, पगडीत सळई आणि कापूस खोचलेले कान साफ करणारे आजही भेटतात. हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे आणि तो करणारी माणसे कष्टाळू आहेत. त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु प्रकाशझोत नाही, भिंग नाही, पडद्याला आधीच भोक आहे काय हे पाहण्याची सोय नाही, आणि एकच सळई एका कानातून दुसऱ्या कानात जाते. सुश्रुतांची शलाका तेवढी उरली आणि भिजविणे, शेकणे व वैद्यकीय ज्ञान गळून गेले, असे झाले. परंपरेतला सोपा भाग ठेवून अवघड भाग सोडून देण्याचा हा दोष केवळ पगडीवाल्यांचा नाही. सुशिक्षित घरांतही तो दिसतो.

तेलाचा प्रश्न

याचे ठळक उदाहरण म्हणजे तान्ह्या बाळाच्या कानात तेल ओतण्याची चाल. बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई मालीश झाल्यावर कानात आणि नाकात तेलाची धार सोडते आणि ‘आजीपासून चालत आले आहे’ एवढ्यावर प्रश्न संपतो. वाग्भटांनी अष्टांगहृदयात रोजच्या अभ्यंगात डोके, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले आहे आणि चरकांनीही कानात तेल घालण्याचे गुण वर्णिले आहेत, हे खरे. परंतु तो उपदेश निरोगी माणसाच्या दिनचर्येतला आहे. तान्ह्या बाळाचा कानाचा मार्ग अरुंद असतो, ते आडवे असते, त्याला काही सांगता येत नाही. सर्दीने त्याच्या कानात पू झाला असेल आणि पडदा फाटला असेल, तर तेच तेल आत मध्यकर्णात उतरते. नाकात सोडलेले तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. बाळाच्या अंगाला तेल खुशाल लावावे. कान आणि नाक यांत घालू नये, हेच आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

लसूण घालून कडकडीत तापविलेले तेल, पानांचा पिळून काढलेला रस, कांद्याचे पाणी यांचीही तीच गत. कान दुखतो तेव्हा पडद्यामागे पू भरलेला असू शकतो; त्यावर गरम तेल ओतल्याने भाजते आणि तज्ज्ञाला तपासताना काही दिसेनासे होते. पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि मुंबईत कानात बुरशी होणाऱ्यांची संख्या मोठी असते. दमट हवा, ओला कान, वर तेल आणि काडीने सोलवटलेली त्वचा हे सारे तिला पोषक ठरते. भिजलेल्या टीपकागदासारखा दिसणारा तो थर मळ समजून पुन्हा तेल घातले जाते आणि बुरशी अधिकच माजते. कानाला असह्य खाज, दुखणे आणि पाणी येणे ही तिची लक्षणे. केवळ मळाने कान सहसा इतका दुखत नाही.

घरी काय करावे

ज्या कानाला काही त्रास नाही, त्याला हातच लावू नये. मळ दिसतो एवढ्यावरून तो काढण्याचे कारण नाही, असेच आजचे वैद्यकशास्त्र सांगते. आंघोळीनंतर बोटावर टॉवेलचे टोक गुंडाळून पाळी, पन्हळ आणि दाराची कड पुसली की स्वच्छता पूर्ण झाली.

दडा बसला तर मात्र उपाय हवा. पोहून किंवा डोक्यावरून पाणी घेऊन आल्यावर एकाएकी कान बंद होतो आणि ‘कानात पाणी गेले’ असे माणूस सांगतो. प्रत्यक्षात आधीपासून साठलेला मळ पाणी शोषून फुगलेला असतो. मार्गात केसाएवढी फट असेपर्यंत ऐकू येत राहते. ती फट बुजली की क्षणात बहिरेपण येते. म्हणून महिन्यांचा साठा एका आंघोळीत प्रकट होतो आणि माणूस घाबरतो.

अशा वेळी, कान पूर्वी कधी फुटलेला वा वाहिलेला नसेल, त्यावर शस्त्रक्रिया झालेली नसेल, तो दुखत नसेल आणि रक्त वा पाणी येत नसेल, तरच घरी थेंब घालावेत. औषधाच्या दुकानात मिळणारे सोडा-ग्लिसरीनचे थेंब चालतात. स्वच्छ बदामाचे वा ऑलिव्हचे तेलही चालते. अमुकच द्रव श्रेष्ठ असे आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही, तेव्हा महागड्या बाटलीच्या मागे धावण्याचे कारण नाही. बाटली काही मिनिटे मुठीत धरून अंगाच्या उबेइतकी करावी. विस्तवावर ठेवू नये. बंद कान वर येईल असे कुशीवर पडून, प्रौढाच्या कानाची पाळी किंचित वर आणि मागे ओढून, दोन-तीन थेंब सोडावेत आणि पाच-दहा मिनिटे तसेच पडून राहावे. दिवसातून तीन-चार वेळा, तीन ते पाच दिवस. पहिल्या दिवशी मळ फुगून ऐकू येणे अधिकच कमी होते आणि इथेच माणसाचा धीर सुटतो. हात काडीकडे जातो. त्या दिवशी काडी हाती न घेणे, हाच या उपचारातला सर्वांत अवघड भाग होय. थेंब घालताना आग झाली, दुखले वा चक्कर आली, तर थांबावे.

पाच दिवसांत कान मोकळा झाला नाही, तर तज्ज्ञाकडे जावे. तिथे कोमट पाण्याने धुऊन, शोषण-यंत्राने किंवा सूक्ष्मदर्शकाखाली बारीक आकड्याने काही मिनिटांत मळ निघतो. आधी थेंब घालून गेलेल्या रुग्णाला त्रास कमी होतो, म्हणून भेटीची वेळ ठरवितानाच थेंब सुरू करावेत काय, असे विचारून घ्यावे. मधुमेही व्यक्तींनी घरगुती पिचकारीच्या वाटेला मुळीच जाऊ नये. मार्गातली बारीक जखम आणि नळाचे पाणी यांच्यातून त्यांच्यात, विशेषतः वृद्धांत, हाडापर्यंत पोचणारा गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. ज्यांना एकाच कानाने ऐकू येते, त्यांनीही त्या कानावर प्रयोग करू नयेत.

पाणी कोमटच का, याला एक इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाच्या कर्णरोग चिकित्सालयात रॉबर्ट बारानी हे तरुण वैद्य रुग्णांचे कान धूत असत. थंड पाण्याने धुतले की रुग्णाला गरगरते आणि त्याचे डोळे एका दिशेने झटके घेतात. पाणी अधिक गरम असले की गरगरते, पण झटक्यांची दिशा उलटते. हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यावरून आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची परीक्षा करण्याची पद्धत त्यांनी बसविली. त्यासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळाल्याची वार्ता आली तेव्हा ते रशियाच्या युद्धकैदेत होते. पाणी शरीराच्या तापमानाचे, म्हणजे सुमारे ३७ अंश असेल तर हा प्रकार होत नाही. कानातला मळ काढण्याच्या कंटाळवाण्या कामातून एवढे शास्त्र निघाले, ते काम करणाऱ्याची नजर जागी होती म्हणून.

मळ नसतो तेव्हा

प्रत्येक दडा मळाचा नसतो. खंडाळ्याचा वा कसाऱ्याचा घाट चढताना, विमान उतरताना, सर्दीत कान बंद होतात ते घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका उघडत नाही म्हणून. आवंढा गिळणे, जांभई देणे, लहान मुलाला विमान उतरताना दूध पाजणे याने ती उघडते. तिथे बाहेरून घातलेला थेंब पडद्याच्या अलीकडेच राहतो आणि काही उपयोग होत नाही.

खरे भय आहे ते दुसऱ्या एका आजाराचे. एखाद्या सकाळी माणूस उठतो आणि एका कानाने ऐकू येत नाही. वेदना नाही, ताप नाही. कानात नाद घुमतो, कधी चक्कर येते. ‘मळ साचला असेल’ म्हणून आठवडा-दोन आठवडे तेल घातले जाते. हा कित्येकदा आतल्या कानाचा वा मज्जातंतूचा अकस्मात आलेला बहिरेपणा असतो आणि त्यावरच्या स्टेरॉइड उपचाराचा लाभ जितक्या लवकर तो सुरू होईल तितका अधिक. पहिल्या काही दिवसांत आणि फार तर दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले पाहिजेत. तेलात गेलेले ते दोन आठवडे परत येत नाहीत आणि ते ऐकणेही बहुधा परत येत नाही.

यासाठी घरी करता येण्याजोगी एक खूण आहे. ओठ मिटून ओंकारातील मकाराचा गुंजारव करावा. कान मळाने वा सर्दीने बुजला असेल, तर तो नाद बुजलेल्या कानात मोठा ऐकू येतो. एक बोट कानात घालून निरोगी माणसालाही याचा पडताळा घेता येईल. मज्जातंतूचा दोष असेल, तर नाद चांगल्या कानाकडे जातो. ही खूण तपासणीची जागा घेत नाही. परंतु नाद चांगल्या कानात मोठा वाटला, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जावे. तो बुजलेल्या कानात वाटला आणि तरीही एका रात्रीत ऐकणे गेले असेल, तरी एक-दोन दिवसांत कान दाखवून घेणेच शहाणपणाचे.

मुलांच्या कानातल्या वस्तूंचाही इथे विचार केला पाहिजे. हरभरा, वाटाणा, चिंचोका गेला असेल तर पाणी घालू नये; तो फुगून घट्ट बसतो. जिवंत किडा गेला असेल आणि पडद्याला भोक नसल्याची खात्री असेल, तर थोडे तेल घालून त्याची तडफड थांबविता येते. काढण्याचे काम मात्र डॉक्टरांचे. खेळण्यातली वा घड्याळातली बटणासारखी बॅटरी गेली असेल, तर पाणी नाही, तेल नाही, थेंब नाहीत. काही तासांतच ती आतली त्वचा जाळू लागते, म्हणून थेट रुग्णालय गाठावे, मग रात्र असो वा दिवस.

आजी-आजोबा आणि शिबिरे

वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मळ साचून घट्ट होण्याचे प्रमाण मुलांत दहात एक, प्रौढांत वीसात एक, तर वृद्धांत एक तृतीयांशाहून अधिक आहे. वयाबरोबर मळ कोरडा होतो, कानातले केस जाड होतात. श्रवणयंत्र लावणाऱ्यांत मळ बाहेर येण्याची वाटच अडते. यंत्र शिट्टी घालू लागते, आवाज कमी होतो आणि हजारो रुपयांचे यंत्र ‘बिघडले’ म्हणून कपाटात जाते. यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी कान दाखवावा. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था श्रवणदोषाच्या तपासणीचे आणि पुनर्वसनाचे कार्य करीत आहे. जिल्हा रुग्णालयांतूनही तपासणी होऊ शकते. २०१७ पासून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने श्रवणदोषाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत केली आहे. आजोबांना ‘आता कळत नाही’ असे घरात ठरविण्याआधी त्यांना ऐकू येते काय, हे पाहिलेले बरे.

सेवावस्त्यांत आणि वनवासी पाड्यांवर आरोग्य शिबिरे घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी हा विषय विशेष हाताशी आहे; कारण इथे महागडी औषधे लागत नाहीत, लागते ती व्यवस्था. कार्यकर्त्याने स्वतः कुणाचा कान कोरू नये. मुलाच्या पाठीमागे उभे राहून कुजबुजत्या स्वरात एकेक अंक उच्चारावा आणि तो परत म्हणायला सांगावा. जो चुकतो त्याचे नाव लिहून घ्यावे. कान वाहतो काय, पूर्वी वाहिला होता काय, हे आईला विचारून त्याच ओळीत लिहावे. कान वाहणाऱ्यांना थेंब न देता वेगळे पाठवावे. ऑटोस्कोप असलेले डॉक्टर ज्यांच्या कानात मळ पाहतील, त्यांना प्रत्येकाला स्वतंत्र बाटली द्यावी. एकच बाटली रांगेतल्या सर्व कानांना लावीत जाण्याने बुरशी वाटली जाते. आणि बहुतेक शिबिरे जिथे फसतात ती गोष्ट म्हणजे दुसरी फेरी. पहिल्या दिवशी फक्त थेंब दिले जातात; मळ निघतो तो पाच दिवसांनी. तेव्हा डॉक्टर पुन्हा येणार नसतील, तर मुलांच्या कानात फुगलेला मळ तसाच राहतो आणि त्यांना आधीपेक्षा कमी ऐकू येते. म्हणून दुसऱ्या फेरीची तारीख, डॉक्टरांची वेळ आणि मुलांना आणण्याची गाडी ही पहिल्या शिबिराचे पत्रक छापण्यापूर्वीच ठरलेली असावी लागतात.